भुवई, कान आणि ४६ ठिपके

चार्ल्स डार्विनच्या घरी बॉब नावाचा एक मोठा कुत्रा होता. मालकाबरोबर फिरायला निघाला की डोकं उंच, शेपूट वर, पावलं ऐटीत टाकत तो पुढे चालायचा. घरापासून थोड्या अंतरावर काचघराकडे जाणारा एक फाटा होता. तिथं डार्विनची प्रयोगाची रोपं असत आणि ती बघायला तो अधूनमधून क्षणभर आत शिरे. मालकाचं अंग त्या फाट्याकडे किंचित वळलं तरी बॉबचा सगळा नूर पालटायचा. आता पुढचं फिरणं होणार की नाही, या शंकेनं डोकं खाली, अंग खचलेलं, कान आणि शेपूट एकदम पडलेले. गंमत म्हणून, म्हणजे प्रयोग म्हणून, डार्विन कधीकधी मुद्दाम तसा वळूनही बघायचा. घरातल्या सगळ्यांना ती मुद्रा इतकी ओळखीची झाली होती की तिला नावच पडलं: 'हॉटहाउस फेस', काचघरी चेहरा.

माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरचं डार्विनचं पुस्तक १८७२ साली निघालं. त्यात हा किस्सा आहे. मला त्यातली एक बारीक जागा फार आवडते. कान पडले, डोकं झुकलं, शेपूट पडलं हे डार्विन ठामपणे लिहितो. डोळ्यांतलं तेज कमी झालं हे लिहिताना मात्र तो जरा थबकतो आणि आपल्याला तसा भास झाला, अशा सुरात ते नोंदवतो. दिसलं ते एका बाजूला, वाटलं ते दुसऱ्या बाजूला. कुत्र्याच्या चेहऱ्याचा संगणकानं अभ्यास करायचा म्हणजे काय, हे सांगणाऱ्या या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या दोन बाजूंच्या मधल्या फटीत चाललेला आहे.

आपल्या भाषेनं कुत्र्याचं मन शेपटीत ठेवलंय. खुशामत करणारा शेपूट हलवतो, भ्यालेला शेपूट घालतो, आणि ज्याचा स्वभाव बदलत नाही त्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. चेहऱ्याचे वाक्प्रचार बहुतेक माणसांसाठी राखून ठेवलेले: भुवई उंचावणं, कपाळाला आठी घालणं, नाक मुरडणं, तोंड पाडणं. अपवाद एक, पण मोठा गमतीचा. घरात सोन्याच्या भावाचा विषय निघाला की आपण कान टवकारतो. खरं म्हणजे माणसाला कान टवकारता येतच नाहीत. आपल्या अंगात नसलेली ही हालचाल भाषेनं जनावराकडून उसनी आणली. कुत्र्याच्या चेहऱ्यावर सगळ्यात बोलकं काय असतं, हे म्हणी आणि वाक्प्रचार घडवणाऱ्यांना ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

शास्त्रज्ञांना ते नोंदवहीत उतरवायला बराच वेळ लागला. सुरुवात माणसापासून झाली. कार्ल-हर्मन यर्टशो या स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञाच्या कामाचा आधार घेऊन पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची एक संकेतावली तयार केली. तिचं नाव 'फॅक्स', म्हणजे फेशिअल ॲक्शन कोडिंग सिस्टीम. कागद पाठवणाऱ्या यंत्राशी संबंध नाही. तिचा नियम साधा आणि कडक आहे. 'हसला', 'रागावला', 'ओशाळला' असं लिहायचं नाही. कुठला स्नायू आखडला, त्यानं कातडी कुठून कुठे सरकली, एवढंच लिहायचं. प्रत्येक हालचालीला एक क्रमांक. त्या क्रमांकाचा अर्थ काय, हा वेगळा प्रश्न आणि तो नंतरचा.

२०१३ साली पोर्टस्मथ विद्यापीठातल्या ब्रिजेट वॉलर, जुलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांसाठी अशीच संकेतावली आणली: 'डॉगफॅक्स'. माणसांच्या यादीत नसलेलं एक प्रकरण तिच्यात घालावं लागलं, ते कानांचं. कान पुढे आणणं, दोन्ही कान एकमेकांकडे ओढणं, मागे डोक्याशी चपटे करणं, फिरवणं आणि खाली पाडणं, अशा पाच नोंदी. ही संकेतावली वापरायची तर आधी परीक्षा द्यावी लागते. कुत्रं पाळलंय, कुत्र्यांवर जीव आहे, एवढ्या भांडवलावर प्रवेश मिळत नाही.

या संकेतावलीतल्या एका क्रमांकानं नंतर जे नाव कमावलं ते भल्याभल्या नटांना जमलं नसेल. क्रमांक १०१: भुवईचा आतला, नाकाकडचा कोपरा वर उचलणं. त्यामुळे डोळा मोठा दिसतो, चेहरा पिल्लासारखा होतो, आणि बघणाऱ्या माणसाच्या हातातली पोळी आपोआप अर्धी होते. पोर्टस्मथच्या गटानं निवारा केंद्रातल्या २७ कुत्र्यांचं चित्रण करून ही हालचाल मोजली आणि कुठलं कुत्रं किती दिवसांत दत्तक गेलं त्याच्याशी ताडून पाहिली. चित्रणाच्या वेळात पाच वेळा भुवई उचलणाऱ्याला घर मिळायला सरासरी ५० दिवस लागले, दहा वेळा उचलणाऱ्याला ३५, आणि पंधरा वेळा उचलणाऱ्याला २८. शेपूट किती हलवलं याचा असा काही उपयोग दिसला नाही.

मग कामिन्स्कींनी विचारलं, कुत्रं हे मुद्दाम करतं का? २०१७ साली त्यांनी २४ कुत्र्यांसमोर एक व्यक्ती उभी केली. कधी तिचं तोंड कुत्र्याकडे, कधी पाठ. कधी हातात खाऊ, कधी रिकामे हात. खाऊ असण्यानसण्यानं चेहऱ्याच्या हालचालींत फरक पडला नाही. माणूस बघतोय की नाही, यानं पडला. म्हणजे ही मुद्रा नुसती आतल्या खळबळीची उकळी नाही, समोरच्याच्या नजरेशी तिचा काही संबंध आहे. 'मुद्दाम' हा शब्द मात्र इथं वापरू नये. हालचाल नजरेबरोबर बदलते इतकंच सिद्ध झालं, हेतू सिद्ध झाला नाही.

२०१९ साली याच गटानं शरीररचनातज्ज्ञ ॲन बरोज यांच्यासोबत सहा कुत्र्यांच्या आणि चार लांडग्यांच्या चेहऱ्याचं विच्छेदन केलं. भुवईचा तो कोपरा उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये नीट घडलेला सापडला. लांडग्यांमध्ये त्या जागी थोडे तंतू नि संयोजी ऊती. निष्कर्ष मोहक होता. हजारो वर्षं माणसानं नकळत केविलवाण्या डोळ्यांच्या कुत्र्यांची निवड केली आणि तो स्नायू घडत गेला. वर्तमानपत्रांना हे फार आवडलं, खरं सांगायचं तर मलाही. पुढे २०२४ साली आफ्रिकेतल्या रानकुत्र्यात तोच स्नायू चांगला पोसलेला आढळला, आणि कायोटीतही. या दोघांना कुणीही चपलेपाशी बसवून पोळी घातलेली नाही. म्हणजे स्नायू आपण घडवला की तो कुत्र्यांच्या कुळात आधीपासूनच होता आणि लांडग्यांनी गमावला, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. छान गोष्ट आणि खरी गोष्ट यांतलं अंतर या विषयात वारंवार भेटतं, म्हणून हा किस्सा इथं सविस्तर दिला.

आता बघणाऱ्याकडे वळू, कारण खरी मेख तिथंच आहे.

टीना ब्लूम आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ साली 'माल' नावाच्या एका पोलिसी कुत्र्याची छायाचित्रं घेऊन लोकांना भाव ओळखायला सांगितले. शाबासकी दिल्यानंतरचा आनंदी चेहरा ८८ टक्के वेळा बरोबर ओळखला गेला. कडू औषध दाखवल्यावरची किळस अवघी १३ टक्के. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याहून बोचरा प्रयोग केला. कुत्र्यानं चोरून काही खाल्लं की त्याच्या तोंडावर 'अपराधी' भाव दिसतो, असं पाळणारे छातीठोकपणे सांगतात. होरोविट्झ यांनी अशी व्यवस्था केली की खाऊ खरंच कुत्र्यानं खाल्ला की नाही हे मालकाला कळू नये. अपराधी चेहरा दिसला तो मालकानं दटावल्यावर, आणि सगळ्यात जास्त दिसला तो काहीही न केलेल्या कुत्र्यांमध्ये. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणत होतो ती आपल्याच आवाजाला दिलेली प्रतिक्रिया होती.

२०२५ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी उरलीसुरली हवाही काढून घेतली. त्यांनी चित्रफिती कापून उलटसुलट जोडल्या. कुत्र्याची प्रतिक्रिया एका प्रसंगातली आणि समोरचा प्रसंग भलताच. झाडूचं यंत्र दिसत असेल तर बघणाऱ्यांना कुत्रा अस्वस्थ वाटला, गळपट्ट्याची दोरी दिसत असेल तर खूश. आपण कुत्र्याकडे बघतच नव्हतो. आजूबाजूचं बघून गोष्ट रचत होतो आणि ती त्याच्या तोंडावर चिकटवत होतो.

अशा वेळी संगणकाची आठवण होणं साहजिक आहे. त्याला ना माया, ना गोष्टी रचायची खोड. शिवाय एक अगदी व्यवहारी कारण आहे. चित्रफितीतली एकेक फ्रेम थांबवून क्रमांक लिहायचे तर एका मिनिटाच्या फितीला तास-तास जातात आणि डोळे शिणतात ते वेगळेच.

गंमत म्हणजे संगणकाला कुत्री नवीन नव्हती. 'इमेजनेट' या प्रसिद्ध चित्रसंग्रहाच्या स्पर्धेत हजार प्रकारच्या वस्तू ओळखायच्या असत आणि त्यांतले सुमारे १२० प्रकार निव्वळ कुत्र्यांच्या जातींचे होते. त्यातूनच २०११ साली 'स्टॅनफर्ड डॉग्ज' हा २०,५८० चित्रांचा संच निघाला. म्हणजे यंत्राला कुत्र्याची जात त्याच्या मनःस्थितीच्या कितीतरी आधी कळू लागली. (आपल्याकडेही नव्या माणसाशी ओळख साधारण याच क्रमानं होते.) त्या १२० नावांची यादी मी एकदा वरून खाली वाचून काढली. तिच्यात पग आहे, हस्की आहे. ताडोब्यात टोळीनं चितळ पळवणारा आपला रानकुत्रा, ज्याला विदर्भात कोळसून म्हणतात, तोही आहे. चहाच्या टपरीखाली झोपलेलं गावठी कुत्रं मात्र नाही. भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी कोलकात्याच्या आयसरमधून अनेक वर्षं करत आहेत, त्यामुळे हा प्राणी विज्ञानाला अपरिचित आहे असं नाही. पण यंत्र ज्या चित्रांवर लहानाचं मोठं झालं त्यांत तो नव्हता, आणि जो कुणी उद्या आपल्या गल्लीत हे तंत्रज्ञान वापरू म्हणतो त्यानं हे आधी लक्षात ठेवलेलं बरं.

यंत्र चेहरा कसा वाचतं? आधी चित्रात तोंड कुठे आहे ते शोधून त्याभोवती चौकट आखायची. मग त्या चौकटीत खुणेचे ठिपके टाकायचे: डोळ्यांचे कोपरे, नाकाच्या कडा, ओठांची रेषा, कानांची टोकं आणि बुंधे. हैफा विद्यापीठात ॲना झामान्स्की यांच्या प्रयोगशाळेनं यासाठी 'डॉगएफएलडब्ल्यू' नावाचा संच केला. त्यात तीन हजारांवर चित्रं आहेत आणि प्रत्येक चेहऱ्यावर ४६ ठिपके. हे ठिपके आधी माणसांना हातानं ठेवावे लागतात, मग ते बघून यंत्र शिकतं. वाचताना सोपं वाटतं. पण ४६ ठिपके पगच्या बसक्या तोंडावरही बसले पाहिजेत आणि लांबट मुस्कटाच्या बोर्झोईवरही. अल्सेशियनच्या कानाचं टोक वर असतं, बीगलचं खाली, आणि केसाळ कुत्र्याचा कान नेमका कुठे संपतो हे त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. माणसांचे चेहरे एकमेकांपासून वेगळे असतात म्हणजे किती वेगळे असतात? कुत्र्यांच्या मानानं आपण सगळे एकाच साच्यातले.

ठिपके बसले तरी मूळ अडचण सुटत नाही. यंत्राला शिकवायचं तर प्रत्येक चित्राला लेबल लावावं लागतं: हा आनंद, ही भीती. माणसाच्या बाबतीत निदान त्याला विचारता येतं. कुत्र्याचं लेबल कोण लावणार? आपणच, म्हणजे तेच लोक जे झाडूचं यंत्र बघून कुत्र्याला दुःखी ठरवतात. अशा लेबलांवर शिकलेलं यंत्र कुत्र्याला ओळखणार नाही. ते आपल्या समजुती पाठ करील आणि दशांशचिन्हासकट परत ऐकवील.

यातून बाहेर पडायची एक वाट बर्न विद्यापीठाच्या गटानं दाखवली. त्यांनी चेहरा बघून लेबल लावलंच नाही. प्रसंग रचला आणि लेबल प्रसंगाला लावलं. २०१९ सालचा हा प्रयोग २९ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झाला. एकच जात, म्हणजे कान नि ओठ यांची ठेवण सारखी. ठरावीक जागी थोडं थांबलं की खाऊ मिळतो, हे त्यांना आधी शिकवलं. तो मिळण्याआधीचे क्षण म्हणजे सुखद अपेक्षा. मग काही वेळा खाऊ दिलाच नाही. तो झाला वैताग, अपेक्षाभंग. मग डॉगफॅक्सचे क्रमांक लिहिले. अपेक्षेत दोन्ही कान एकमेकांकडे ओढले जात होते. वैतागात पापण्या लवणं, ओठ विलग होणं, जबडा सैल सोडणं, नाक चाटणं आणि कान मागे चपटे करणं जास्त दिसलं. बॉबचे कान आठवा.

या गटातल्या ॲनिका ब्रेमहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे स्वतःचंच काम अधिक कठोरपणे तपासलं. यांतली कुठलीही एक हालचाल एकटी घेऊन तिच्यावरून भाव सांगता येत नाही, असं त्यांनी २०२२ साली लिहिलं. कान मागे गेले म्हणजे वैताग, असं समीकरण मांडता येत नाही. इंटरनेटवर 'कुत्र्याची देहबोली ओळखा' असे जे रंगीत तक्ते फिरतात त्यांच्यासमोर हे वाक्य मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्यासारखं आहे.

त्याच २०२२ साली झामान्स्कींच्या गटानं बर्नच्या त्या चित्रफिती संगणकाला दिल्या, दोन वेगवेगळ्या रीतींनी. पहिल्या रीतीत माणसांनी लिहिलेले डॉगफॅक्सचे क्रमांक दिले आणि त्यांवरून अपेक्षा की वैताग हे ठरवायला सांगितलं. उत्तर सुमारे ७१ टक्के वेळा बरोबर आलं. दुसऱ्या रीतीत क्रमांक वगैरे काही नाही. डीप लर्निंगच्या जाळ्याला सरळ चित्रं दाखवली. तिथं आकडा ८९ टक्क्यांवर गेला. पर्याय दोनच असल्यामुळे नाणं उडवूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत.

७१ आणि ८९ यांतलं काय निवडावं? पटकन कुणीही ८९ म्हणेल. पण पहिल्या रीतीत यंत्राला विचारता येतं, तू वैताग का म्हणालास? ते सांगेल, कान चपटे होते आणि नाक चाटलं. दुसऱ्या रीतीत 'का' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. फार तर चित्राच्या कुठल्या भागानं निकालावर प्रभाव पाडला याचा रंगीत नकाशा काढता येतो, आणि मग त्या नकाशाकडे बघून पुन्हा माणसांनाच अंदाज बांधावे लागतात. अशा जाळ्यावर नजर ठेवावीच लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टापा आपटून बेरजा-वजाबाक्या करायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं, की त्याला गणित येत नव्हतं. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि मानेत नकळत जी हालचाल होई ती बघून तो थांबायचा. यंत्रंही असंच करतात. वैतागाच्या फितींत उजेड वेगळा पडला असेल तर ती कुत्र्याऐवजी उजेड शिकतात. एकाच कुत्र्याची चित्रं शिकवणीतही आणि परीक्षेतही आली तर भाव न ओळखता ती कुत्रंच ओळखतात. म्हणून अशा कामात यंत्राची परीक्षा त्यानं आधी कधीच न पाहिलेल्या कुत्र्यावर घ्यायची असते. एखाद्या बातमीत ९५ टक्के अचूकता वाचलीत तर आधी हेच विचारा: परीक्षेतलं कुत्रं शिकवणीला बसलं होतं का?

भाषांतराचा मोह जुना आहे. जपानमध्ये २००२ साली 'बाउलिंग्वल' नावाचं भुंकण्याचं भाषांतर करणारं यंत्र विक्रीला आलं आणि त्याच वर्षी त्याला शांततेचं इग नोबेल मिळालं. आज तीच हौस मोबाइलवर चेहऱ्याच्या रूपानं परतते आहे. त्याबद्दल या पुस्तकात एकच छोटं प्रकरण आहे आणि तेवढं पुरे.

खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, वेदना. उंदीर, घोडा, मांजर यांच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायच्या पट्ट्या पशुवैद्यांनी तयार केल्या आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र चेहऱ्यांच्या या अफाट विविधतेपाशी घोडं अडतं. ऑपरेशननंतर पिंजऱ्यात गप्प पडलेल्या कुत्र्याकडे रात्रभर बघत बसायला माणूस नसतो. कॅमेरा असू शकतो. दुसरं, मुलं. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइन्ट्स यांनी केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की लहान मुलांना दात विचकून गुरगुरणारं कुत्रं पुष्कळदा हसरं वाटतं, आणि ती त्याच्याजवळ तोंड नेतात. जिथं रस्त्यावर कुत्री आहेत आणि रेबीज आहे, तिथं या एका गैरसमजाची किंमत फार मोठी असते. त्यासाठी यंत्र लागेलच असं नाही. पण दात दिसणं आणि हसणं यांची फारकत करायची सवय लागते ती याच अभ्यासातून.

शेवटी एक गोष्ट, जी लिहिताना मला सतत टोचत राहिली. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० साली माणसांना आणि शिकवलेल्या कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या चित्रफिती दाखवल्या. माणसाच्या मेंदूचा एक भाग चेहरा दिसताच खास जागा होतो. कुत्र्याच्या मेंदूत असा चेहऱ्यासाठी राखीव कोपरा सापडला नाही. समोर कुत्रं आहे की माणूस, याचा फरक तिथं ठळक उमटला. चेहरा आहे की पाठमोरं डोकं, याचा नाही. कुत्री आपल्या मुद्रा ओळखू शकतात याचे पुरावे आहेतच, ते पुढे येतील. तरी चेहऱ्याचं हे वेड मूळचं आपलं आहे. वास, आवाज, अंगाचा ताण, शेपूट हे सगळं बाजूला ठेवून आपण कॅमेरा नेमका तिथंच रोखला, कारण आपल्याला तिथंच बघायची सवय आहे.

हे हस्तलिखित पुरं करताना आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या काळ्या कुत्र्याचं चित्रण करायचा मी बराच प्रयत्न केला. हातात बिस्किट असताना तो १०१ क्रमांक अगदी पाठ्यपुस्तकासारखा करतो. फोन काढून तोंडासमोर धरला की भुवई जागच्या जागी. माझा चेहरा फोनमागे गेला म्हणून, फोनच्या चकाकीमुळे, की माझ्या दुसऱ्या हातातलं बिस्किट तेवढ्यात खाली आलं म्हणून, ते सांगता येणार नाही. माझ्याकडे अशा अकरा फिती आहेत. त्यांत त्याचे कान स्पष्ट दिसतात.